छपराआधी बिल

"ताई, आमच्या छपरावर किती पॅनेल बसतील?" असा फोन आला की मी आधी वर्षभराची विजेची बिलं मागते. फोन करणारा बहुधा जरा खट्टू होतो. त्याला आकडा हवा असतो. शेजाऱ्याने चोवीस बसवली, मग आपल्याकडे किती? कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात, मी घरगुती सोलरचं डिझाइन करते. जागा बघणं, आराखडा काढणं, शहराची परवानगी, वीज कंपनीकडचा अर्ज आणि शेवटी यंत्रणा सुरू करायची मंजुरी मिळेपर्यंतचा पाठपुरावा, हे सगळं त्यात आलं. हे काम करता करता माझं एक मत पक्कं होत गेलं. घरी वीज तयार करून बिल किती उतरेल, हे छपराच्या आकारापेक्षा घरातली माणसं कुठल्या तासाला काय चालवतात यावर जास्त ठरतं.

म्हणून बिलं. आणि नुसती बिलं नाहीत, तासातासाचा वापर. इथल्या बऱ्याच मोठ्या भागाला वीज देणारी पीजी अँड ई ही कंपनी प्रत्येक ग्राहकाला त्याच्या मीटरचा तपशील 'ग्रीन बटन' या सोयीतून उतरवून घेऊ देते. तो आलेख समोर घेतला की न भेटलेल्या घराची ओळख व्हायला लागते. सकाळी साडेसहाला छोटा उंचवटा: मायक्रोवेव्ह, टोस्टर, केस वाळवायचं यंत्र. नऊनंतर घर रिकामं, नुसता फ्रिज आणि राउटरचा तळ. संध्याकाळी पाचला मुलं परततात, एसी लागतो, मग इंडक्शन, ओव्हन, डिशवॉशर एकापाठोपाठ एक. मध्यरात्री गाडी चार्जिंगला लागली की सात किलोवॅटचा सरळसोट कडा. मराठी घर असेल तर सप्टेंबरातला एखादा आठवडा वेगळा दिसतो. गणपती बसलेले असतात, घरात माणसांची ये-जा असते आणि त्याच सुमारास बे एरियात बहुधा उन्हाची मोठी लाट येते.

बहुतेक घरांत सर्वांत महाग वीज दुपारी चार ते रात्री नऊ या वेळात असते. पीजी अँड ईचा सरासरी दर अलीकडे युनिटला चाळीस सेंटच्या आसपास आहे, म्हणजे जवळजवळ पस्तीस रुपये. संपूर्ण अमेरिकेची घरगुती सरासरी याच्या निम्म्याहून कमी आहे. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी काही दरपत्रकांत हाच दर पन्नास सेंटच्या वर जातो. आता वरचा आलेख पुन्हा बघा. सूर्य माथ्यावर असतो तेव्हा घरात कोणी नाही, आणि सगळं घर जागं होतं तेव्हा सूर्य कलायला लागलेला. माझं सगळं काम या दोन गोष्टींमधल्या अंतरात चालतं.

बिल आधी बघण्याचं दुसरं कारण सँटा क्लारा. या शहराची वीज सिलिकॉन व्हॅली पॉवर ही शहराच्या मालकीची संस्था पुरवते आणि तिचा दर पीजी अँड ईच्या निम्म्याहूनही खाली असतो. रस्त्याच्या अलीकडे सँटा क्लारा, पलीकडे सनीव्हेल किंवा सॅन होजे. तीच घरं, तसाच उतार, तेच ऊन. अलीकडच्या घराला सोलरचा खर्च वसूल व्हायला पलीकडच्यापेक्षा दुपटीहून जास्त काळ लागतो. सँटा क्लाराच्या अनेक कुटुंबांना मी सरळ सांगते की आधी माळ्यावर इन्शुलेशन घाला, खिडक्यांच्या फटी बुजवा, जुना एसी बदला. यात माझ्या हातचं काम जातं हे खरं. पण ज्याला गरज नाही त्याच्या छपराला भोकं पाडायला माझं मन घेत नाही.

बिलानंतर छप्पर. इथली बहुतेक घरं लाकडी सांगाड्याची असतात. पॅनेल ज्या रुळांवर बसतात त्यांचे बोल्ट वाशांमध्येच बसले पाहिजेत, नुसत्या फळीत बसून चालत नाही. म्हणून मी माळ्यावर शिरते. गुडघ्यांवर रांगत, टॉर्च दातात धरून, वाशांची जाडी आणि दोन वाशांमधलं अंतर मोजायचं. जुलैत तिथली हवा अंगावर येते. सॅन रॅमोनकडे काँक्रीटच्या कौलांची छपरं आहेत. पाय कौलाच्या खालच्या तिसऱ्या भागात, जिथे ते दुसऱ्या कौलावर टेकलेलं असतं तिथेच ठेवायचा, नाहीतर तडकतं. सनीव्हेल आणि पालो आल्टोत जोसेफ आयक्लर या बिल्डरची १९५० आणि ६०च्या दशकातली सपाट छपरांची घरं आहेत. त्यांना माळाच नाही, त्यामुळे वायर कुठून न्यायची हाच मोठा प्रश्न होतो. शिवाय आगीच्या वेळी अग्निशमन दलाला चढायला वाट ठेवावी लागते. ती सोडली की 'केवढं मोठं छप्पर आहे' म्हणणाऱ्याच्या हातात निम्मंच उरतं.

मग बाहेरच्या भिंतीवरचं मेन पॅनेल, म्हणजे घराचे सगळे ब्रेकर असलेली पत्र्याची पेटी. लोक तिच्याकडे बघतही नाहीत, पण पुष्कळदा किती सोलर बसवायचं याचा निकाल तिथे लागतो. हिशेब सोपा आहे. पेटीतल्या तांब्याच्या पट्टीची, बसबारची, क्षमता २०० अँपिअर असेल तर नियमाप्रमाणे तिच्या १२० टक्के धरायचे, म्हणजे २४०. त्यातून मुख्य ब्रेकरचे २०० वजा केले की सोलरच्या ब्रेकरला ४० उरतात. सतत चालणाऱ्या प्रवाहासाठी त्यातले ८० टक्केच वापरायचे, म्हणजे ३२ अँपिअर, आणि २४० व्होल्टने गुणलं की ७.६८ किलोवॅट. याहून मोठी यंत्रणा हवी असेल तर पेटी बदला किंवा जोडणीची वेगळी पद्धत शोधा. जुन्या घरांत १०० अँपिअरची पेटी असते. तिथे सगळंच अडतं आणि पेटी बदलायचे काही हजार डॉलर हिशेबात धरावे लागतात. स्वस्त कोटेशनमध्ये ही ओळ पुष्कळदा नसते.

आमच्या कामात एक तारीख 'आधी' आणि 'नंतर' अशी रेघ ओढून गेली. १९९०च्या दशकाच्या मध्यापासून कॅलिफोर्नियात नेट मीटरिंग होतं. दुपारी जास्तीची वीज ग्रिडला द्या, रात्री जवळपास त्याच भावाने परत घ्या, वर्षाअखेरीस हिशेब मिटवा. २००६ मध्ये गव्हर्नर श्वार्झनेगर यांनी दहा लाख छपरांच्या कायद्यावर सही केली, २०१९ मध्ये तो टप्पा गाठला गेला आणि २०२० पासून नव्या घरांना सोलर सक्तीचं झालं. मग १५ डिसेंबर २०२२ रोजी राज्याच्या पब्लिक युटिलिटीज कमिशनने एकमताने नवा नियम मंजूर केला. १४ एप्रिल २०२३ नंतर अर्ज करणाऱ्यांच्या ग्रिडला दिलेल्या विजेचा मोबदला सरासरी सुमारे ७५ टक्क्यांनी उतरला. दुपारचं युनिट आता पाच-आठ सेंटला जातं आणि संध्याकाळी तेच चाळीस-पन्नासला विकत घ्यावं लागतं. जुन्यांना मात्र जोडणीपासून वीस वर्षं जुनाच नियम लागू राहिला.

त्या दोन तारखांमधले चार महिने मला अजून आठवतात. त्या हिवाळ्यात बे एरियात पावसाने कहर केला होता. ओल्या छपरावर चढता येत नव्हतं आणि लोक हवालदिल होऊन फोन करत होते. रात्री अकराला आराखडे काढायचे, सह्या गोळा करायच्या, बिलावरचं नाव आणि घराच्या कागदावरचं नाव जुळतंय ना ते तपासायचं, कारण एवढ्याशा चुकीवरून अर्ज परत येत होता. 'सौ.'चं माहेरचं नाव एका कागदावर आणि सासरचं दुसऱ्यावर, हे तर आपल्याकडे नेहमीचंच.

कमिशनचा हा निर्णय चुकीचा होता का, असं लोक मला विचारतात. त्यामागचं कारण खरं होतं. २०१३ साली ग्रिड सांभाळणाऱ्या संस्थेने एक आलेख प्रसिद्ध केला होता. दुपारी ग्रिडवरची मागणी खोल जाते आणि सूर्य मावळताना ताडकन चढते. तो आकार बदकासारखा दिसतो म्हणून त्याला 'डक कर्व्ह' म्हणतात. सगळ्यांचा कांदा एकाच आठवड्यात बाजार समितीत उतरला की भाव पडतो, तसंच दुपारच्या विजेचं झालं. तारा, खांब, जंगलातल्या आगीपासूनची खबरदारी यांचा खर्च तर सगळ्यांना मिळूनच भरायचा असतो. ज्याचं बिल शून्यावर आलं त्याचा वाटा अपार्टमेंटमध्ये भाड्याने राहणाऱ्यावर पडतो, हा आक्षेपही मी उडवून लावणार नाही. पण भाव टप्प्याटप्प्याने उतरवता आला असता. एका तारखेला कडा कोसळावा तसा तो उतरवला आणि त्याच सुमारास कर्जाचे व्याजदरही चढले. छपरावर रूळ बसवणारी, हातात कसब असलेली माणसं कामाला मुकली. आमच्याकडच्या एका क्रूतला सर्वांत तरबेज माणूस आता गोदामात काम करतो. १९८५ पासूनची, याच भागात वाढलेली सनपॉवर ऑगस्ट २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली. ज्यांनी पंचवीस वर्षांच्या हमीवर भरवसा ठेवला होता त्यांचे फोन आमच्यासारख्या छोट्या कंपन्यांकडे यायला लागले.

या बदलामुळे बॅटरीचं महत्त्व मात्र लोकांना कळलं. त्याच्या काही वर्षं आधी एक गैरसमज सगळीकडे होता. छपरावर सोलर आहे, मग वीज गेली तरी आपल्या घरी दिवे लागतीलच. ऑक्टोबर २०१९ मध्ये हा भ्रम फिटला. आदल्या वर्षी 'कॅम्प फायर' नावाच्या वणव्यात पॅराडाइज गाव जळून ८५ माणसं गेली होती आणि आगीचं मूळ पीजी अँड ईच्या वाहिनीत निघालं होतं. त्यामुळे कोरडे वारे सुटल्यावर कंपनीने खबरदारी म्हणून लाखो घरांची वीज कित्येक तास बंद ठेवली. बाहेर लख्ख ऊन, छपरावर पॅनेल आणि घरात फ्रिज बंद. ग्रिड गेलं की इन्व्हर्टरला स्वतःहून थांबावंच लागतं, कारण बंद आहे असं समजून तारेवर काम करणाऱ्या माणसाला आपल्या छपरावरची वीज मारू शकते. बॅटरी आणि घराला ग्रिडपासून तोडणारा स्विच असेल तरच घर एकटं चालतं. हे मी प्रत्येकाला पहिल्याच भेटीत सांगते.

याबद्दल सर्वांत नेमका प्रश्न मला एका काकांनी विचारला. सांगलीकडचे, राज्य वीज मंडळातून निवृत्त झालेले, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आले होते. मी मेन पॅनेल उघडलं तसे ते चष्मा पुसत माझ्या मागे येऊन उभे राहिले. "पोरी, बॅकफीड कसा तोडतेस ते आधी दाखव. आमचा एक लाइनमन असाच गेला, कुणाच्या तरी जनरेटरमुळे." मी त्यांना स्विच दाखवला, ग्रिड बंद झाल्याचं इन्व्हर्टर कसं ओळखतो ते सांगितलं. मग घरात येणाऱ्या दोन लाइव्ह तारा, प्रत्येकीचा न्यूट्रलशी १२० व्होल्ट, दोघींमध्ये मिळून २४०, हे त्यांनी स्वतः मल्टिमीटर लावून खात्री करून घेतलं. मुलगा आणि सून आतून बघत होते. त्या दिवशी त्या घरात माझ्या कामाचं मोल खऱ्या अर्थाने कळलेला माणूस तो एकटा होता.

पुढे त्या घराचा आलेख पाहताना मी चकित झाले. काकांनी घराचं वेळापत्रक हातात घेतलं होतं. डिशवॉशर सकाळी अकराला. वॉशिंग मशीन त्याच्या पाठोपाठ. गाडी घरी असेल त्या दिवशी बारा ते तीन चार्जिंग. दुपारी दोनला घर थंड करून ठेवायचं आणि चारनंतर एसीला हात लावायचा नाही. ड्रायर तर त्यांनी बंदच करून टाकला, कारण एका धुण्याला तो अडीच-तीन युनिटं खातो. मागच्या अंगणात त्यांनी दोरी बांधली. "सोसायटीवाले नोटीस पाठवतील हो बाबा," म्हणून सून घाबरली. तिला मी सांगितलं की कॅलिफोर्नियाने २०१५ मध्ये कायदा करून मागच्या अंगणात कपडे वाळत घालायचा हक्क दिलाय, आणि घरमालकांच्या संघटनांना सोलर अडवता येऊ नये म्हणून १९७८ पासूनच वेगळा कायदा आहे. दोरी राहिली. काका परत गेले तरी अकराचं डिशवॉशर राहिलं. फक्त आता त्याला टायमर लावतात.

आपल्याकडच्या घरांत आई-बाबा असे येऊन राहतात हे मी आता डिझाइनमध्येच धरते. ते आले की दिवसाचा वापर वाढतो, आणि नव्या नियमात दिवसा वापरलेली स्वतःची वीज हीच सर्वांत किफायतशीर. दिशाही त्यामुळे बदलली. पूर्वी दक्षिणेचं छप्पर सोडून मी दुसरीकडे बघत नव्हते, आता पश्चिमेचं आवर्जून घेते. वर्षाची एकूण वीज थोडी कमी होते, पण पाच-सहा वाजता, भाव चढलेला असताना ते छप्पर अजून काम करत असतं. डिसेंबरात मात्र कुठल्याही छपराकडून फार अपेक्षा नको. सदतीस अंश अक्षांशावर दिवस आखूड होतो, पाऊसही तेव्हाच पडतो आणि निर्मिती जूनच्या निम्म्याच्याही खाली येते. आणि ९ सप्टेंबर २०२० सारखा एखादा दिवस. वणव्यांच्या धुराने आकाश भरदुपारी नारिंगी झालं होतं, रस्त्यावरचे दिवे लागले होते आणि आमच्या सगळ्या ग्राहकांचे आलेख जमिनीला टेकले होते.

एका गोष्टीचा मला मनापासून राग आहे. दारोदार फिरून 'फुकट सोलर' विकणं. फ्रीमाँटमधल्या एका ओळखीच्या कुटुंबाने असाच पंचवीस वर्षांचा भाडेकरार केला. टॅबलेटवर बोटाने सही, मराठी घराला इंग्रजीतली चाळीस पानं, वाचायला पाच मिनिटं. हप्ता दरवर्षी २.९ टक्क्यांनी वाढणार होता. यंत्रणा गरजेपेक्षा मोठी होती, म्हणजे दुपारची बरीच वीज कवडीमोलाने ग्रिडला जाणार. घर विकायला काढलं तेव्हा कळलं की नव्या मालकाने करार स्वीकारला पाहिजे, नाहीतर उरलेली रक्कम भरून मोकळं व्हायचं. कर्जावर घेतलेल्या सोलरमध्येही असाच सापळा असतो. व्याजदर आकर्षक दिसतो आणि 'डीलर फी'च्या नावाखाली किंमत वीस-तीस टक्क्यांनी फुगवलेली असते. त्यामुळे कोटेशन आलं की मी एवढंच विचारायला सांगते: रोख दिले तर किती? तो आकडा आणि कर्जाचा आकडा यांत जे अंतर निघेल, ती खरी फी.

अमेरिकेच्या केंद्र सरकारची ३० टक्के कर-सवलत (टॅक्स क्रेडिट) २०२२ च्या कायद्याने पुढची दहा वर्षं चालणार होती. ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या कायद्याने स्वतःच्या पैशाने घेतलेल्या घरगुती सोलरसाठी ती ३१ डिसेंबर २०२५ ला संपवली. भाड्याने देणाऱ्या कंपन्यांना मात्र वेगळ्या कलमाखाली सवलत आणखी काही काळ चालू आहे. म्हणजे जो मार्ग ग्राहकाला सर्वांत कमी समजतो, त्याच्याकडेच कायदा त्याला ढकलतोय. मला हे बरं वाटत नाही. भारतात याच्या नेमकं उलट चाललंय. 'पीएम सूर्यघर' योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार रुपये थेट घरमालकाच्या खात्यात येतात. आणि तिकडेही तासांचा प्रश्न आलाच आहे. महाराष्ट्रात स्मार्ट मीटरवाल्या घरांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच वापरलेल्या विजेवर सवलत मिळायला लागलीय. नाशिकला माझी मावसबहीण दुपारी पंप चालवते, तो यासाठीच.

जानेवारीत ट्रेसीहून एका तरुणाचा फोन आला. उन्हाळ्यात तिथे पारा चाळीसच्या वर जातो, एसीला पर्याय नाही. "क्रेडिट तर गेलं ताई, आता अर्थ आहे का?" आधी कोणीतरी त्याला सव्वीस पॅनेल सुचवली होती. मी तासांचा तपशील घेतला. वर्षाला बारा हजार युनिटं, त्यातला मोठा वाटा उन्हाळ्यातल्या संध्याकाळचा. आठवड्यातले दोन दिवस तो घरून काम करतो, म्हणजे गाडी दुपारी चार्ज होऊ शकते. सव्वीसऐवजी पंधरा पॅनेल, बरीचशी पश्चिमेला, आणि साडेतेरा युनिटांची एक बॅटरी. वर्षाला नऊ हजार युनिटांच्या आसपास निर्मिती. जुना नियम आणि क्रेडिट दोन्ही असतं तर नुसत्या पॅनेलांचा खर्च पाच-सहा वर्षांत निघाला असता, आता बॅटरीसकट दहा-अकरा लागतील. मी त्याला तेच सांगितलं. पाच वर्षांत घर विकायचा विचार असेल तर घेऊ नकोस, हेही सांगितलं.

त्याने बायकोशी बोलायला एक आठवडा मागून घेतला. मग दोघांनी मिळून आणखी प्रश्न पाठवले, त्यातला चांगला प्रश्न तिचा होता: गॅसचा वॉटर हीटर काढून हीट पंपाचा घेतला आणि तो दुपारीच चालवला तर? तर बॅटरीत न मावणारी दुपारची बरीच वीज गरम पाण्याच्या रूपात घरातच राहील. तो पुढच्या वर्षी घ्यायचं ठरलं, त्याच्यासाठी ब्रेकरची जागा मी आत्ताच मोकळी ठेवलीय. पेटी २०० अँपिअरची आहे, पश्चिमेच्या छपरावर झाडाची सावली नाही आणि परवानगीचा अर्ज शहराकडे गेलाय.